कानसेनकडे तिसऱ्यांदा आलेली गाडी

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून दुखणं सांगायचं, ही त्याची पद्धत. तपासणीची यंत्रं त्याने दारात येऊ दिली नव्हती. कान शाबूत असताना ती कशाला हवीत, असं तो ऐटीत विचारायचा.

थोरल्या बहिणीच्या जुन्या गाडीने मात्र त्याच्या नाकी नऊ आणले होते. चौकात थांबली की इंजिन थरथरायचं आणि मान टाकायचं. त्याने एकदा प्लग बदलले, एकदा कार्बुरेटर उघडून धुतला. दोन्ही वेळा शेवटी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू जरा पिळून, इंजिन थोडं जोरात ठेवून गाडी परत दिली. बारीक शिट्टी वाजते, असं ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज ती तिसऱ्यांदा आली. त्याने पुन्हा मूठ कानाला लावली. ठोके ऐकू आले, घरघर ऐकू आली, पण शिट्टीचा पत्ता नव्हता.

"आत्ताही वाजतेय," शेजारी उभी असलेली ताई म्हणाली.

त्याला भीती वाटली. सगळं गॅरेज या कानांवर उभं होतं.

"ताई, मला नाही ऐकू येत."

तिने ना आश्चर्य दाखवलं ना कीव केली. तू नळ्यांवरून बोट फिरव, शिट्टी थांबली की सांगते, म्हणाली. तो एकेक नळी चाचपत गेला. इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर पुरवणाऱ्या जाड नळीच्या खालच्या अंगाला बोट टेकलं आणि ती म्हणाली, "थांबली."

तिथे नखाएवढी चीर होती आणि इंजिन तिच्यातून फुकटची हवा ओढत होतं. बोट दाबलेलं होतं तोवर थरथरही थांबली.

त्याने नळी बदलली, स्क्रू पूर्वीच्या जागी आणला आणि हात न पुसताच उभा राहिला. गेल्या चार महिन्यांत अशीच तक्रार घेऊन पाच गाड्या आल्या होत्या. पाचही त्याने स्क्रू पिळून पाठवल्या होत्या. त्यांतल्या एखादीचीही ब्रेकचीच नळी चिरलेली असेल तर? त्याने ते ताईला सांगून टाकलं.

ताईने पर्स बाकावर ठेवली.

"बोलाव एकेकाला," ती म्हणाली. "मी बसते इथे ऐकायला."