उघडं लोखंड

नव्या ब्रेक डिस्क खोक्यातून निघतात तेव्हा त्यांच्या अंगाला तेल असतं. गंजू नयेत म्हणून कारखान्यातच चोपडलेलं. ते पूर्ण काढल्याशिवाय डिस्क गाडीला चढवायची नाही, हा माझ्या गॅरेजचा पहिला नियम. तेलकट डिस्कवर ब्रेक पॅड पकडच घेत नाहीत. आपण पाय दाबत राहतो आणि गाडी आपल्याच तोऱ्यात पुढे जाते. शिवाय पॅडनी एकदा तेल प्यायलं की ते फेकूनच द्यावे लागतात.

त्या दिवशी गाडी नणंदेची होती, त्यामुळे मी जरा जास्तच जपून होते. माझी नणंद स्वभावाने गोड आहे, पण मनात घेतलं की घेतलं. आणि हल्ली तिने मनात घेतलं होतं की आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आपल्या घरी न्यायचं. निमित्त इस्त्रीचं झालं. सासूबाई इस्त्री चालू ठेवून फोन घ्यायला गेल्या आणि टेबलावरची चादर जळली. फोन नणंदेचाच होता हे मी बोलून दाखवलं, पण तिने ते कानाआड केलं.

"वहिनी, दादा कायम जहाजावर, तू दिवसभर गाडीखाली. आईकडे लक्ष कोण देणार? आणखी एक घोळ झाला ना, की मी तिला घेऊन जाणार. मग वाद घालायचा नाही."

तिच्याकडे खोली तयार होती, मदतीला बाईसुद्धा ठरली होती. शिलाई मशीन मात्र तिकडे जाणार नव्हतं, सुईचं भय म्हणून. जिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले तिला सुईचं भय! सासूबाई गॅरेजमागच्या खोलीत जाऊन कुणाच्या तरी फाटक्या सीट कव्हरला टाके घालत बसल्या. मला त्या जायला नको होत्या. त्या घरात नसल्या तर मी भांडायचं कुणाशी?

तर मी दोन्ही डिस्क ब्रेक क्लीनरने धुतल्या. दोन्ही बाजू, कड, मधल्या फटी, सगळं. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसल्या आणि स्वच्छ कापडावर मांडून ठेवल्या. मग चाकापाशी बसून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायला लागले. डिस्क जिथे टेकते तिथे गंजाची खपली राहिली तर ती वाकडी बसते, आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं.

उठून बघते तर डिस्क मघापेक्षा जास्तच चकाकत होत्या. चढवण्याआधी मी शेवटचा एक हात फिरवतेच. फडक्यावर पिवळट डाग आला. वास घेतला. शिलाई मशीनचं तेल!

माझं टाळकं सटकलं. "आई!"

सासूबाई तेलाची कुपी हातात घेऊनच आल्या. "काय गं, एवढं ओरडायला काय झालं?"

"डिस्कला तेल तुम्ही लावलंत?"

"मग काय करू? धुऊन पुसून तशाच टाकून ठेवल्यास. उघडं लोखंड असं ठेवतात का कधी? मी उभ्या आयुष्यात एक कात्री गंजू दिली नाही." वर माझ्याकडे अशा बघत होत्या की आता मी शाबासकीच देणार.

"अहो, ही कात्री नाही, ब्रेक आहेत! तेलावर गाडी थांबणार कशी?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. जवळचं स्टूल ओढून त्या बसल्या. "म्हणजे माझी पोर..."

"काही झालेलं नाही. मी पुसून बघितल्याशिवाय चढवतच नाही."

"झाला की गं घोळ," त्या अगदी हळू म्हणाल्या.

माझा राग तिथेच विरघळला. विसरभोळेपणा कसला, उलट आयुष्यभर जे केलं ते त्या विसरल्या नव्हत्या. पण हे नणंदेला कोण पटवणार? दुधाने तोंड पोळलेलं माणूस ते.

"तिला काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "मी परत धुते. आपल्या दोघींच्या तोंडाला कुलूप."

त्यांनी एक कोरं फडकं उचललं आणि म्हणाल्या, "कसं पुसायचं ते दाखव." मग मी फवारत गेले आणि त्या पुसत गेल्या. माझं समाधान झाल्यावरही त्यांचं होईना. शेवटी मीच डिस्क हातातून काढून घेतल्या.

गाडी चाकांवर उभी राहिली आणि नणंद आली, उंच टाचा टकटकवत. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या ब्रेकना मी तेल लावलं होतं. हिने पकडलं म्हणून बरं."

नणंद पांढरी पडली. "बघितलंस वहिनी? मी काय म्हणत होते?"

मी कात्रीपासून गंजापर्यंत सगळं सांगितलं, पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. "मी मेले असते तर?"

सासूबाईंनी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या.

"आई, उतरा," मी म्हटलं. "नवे ब्रेक आधी रुळवावे लागतात. पहिली चक्कर मी एकटी मारते."

"घोळ माझा, तर आधी मीच बसणार." त्यांनी पट्टा लावला.

नणंदेने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय आपटत मागे जाऊन बसली. "मग मीही येते."

गोदामांमागचा रस्ता रिकामा होता. आधी मी बैलगाडीच्या चालीने ब्रेक तपासले, मग वेग घेतला आणि हलकेच पाय दाबला. सासूबाईंनी डोळे मिटले. मागून नणंदेचा हात आला आणि आईच्या खांद्याला घट्ट धरून राहिला. गाडी शहाण्यासारखी मंदावली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. असं करत डिस्क आणि पॅड एकमेकांना रुळले, तरी तो हात काही निघाला नाही.

परत आल्यावर नणंद गाडी न्यायला पुढे बसणार, तोच सासूबाईंनी तिच्या पायांकडे बोट दाखवलं. "या टाचांवर गाडी चालवतेस? ब्रेकवरून पाय सटकेल. काढ त्या." आणि स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या.

नणंद त्या चपलांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आई, ये ना गं माझ्याकडे." इतके दिवस ती ठरवत होती, आज पहिल्यांदाच तिने विचारलं.

"येईन की. चार दिवस राहीन, तुझ्या पडद्यांची मापं घेईन. शिवायला मात्र इथेच येणार. मशीन इथे आहे."

नणंदेने नाक ओढलं, मान हलवली, आईच्या चपला घातल्या आणि निघाली. मी सासूबाईंना म्हटलं, आत चला, खाली खडे आहेत. त्या हलल्या नाहीत. कोपऱ्यावर मागचे लाल दिवे लागले आणि गाडी उभी राहिली.

"थांबली बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि मगच अनवाणी घरात गेल्या.