कोतवालाची खंडेनवमी

यज्ञेश्वर पुण्याहून परतला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत पाऊल टाकतो न टाकतो तोच गोपीनाथदादा समोर उभे. वय त्र्याहत्तर. गल्लीतल्या मराठी मंडळींनी जपलेल्या जुन्या पोथ्यापत्रांच्या संग्रहाची किल्ली सदैव त्यांच्या जानव्याला.

"यज्ञेश्वरा, बॅग नंतर ठेव. कोतवाल उठत नाहीये."

कोतवाल म्हणजे संग्रहातला सर्व्हर. बारा वर्षांपूर्वी एका कार्यालयानं तो भंगारात काढला होता आणि यज्ञेश्वरनं तो हातगाडीवर घालून, मग चौघांच्या खांद्यावरून, गल्लीत आणला. सुरू झाला की त्याचे पंखे असे गरजत की इंदू पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा तर काळभैरव! काशीचा कोतवाल." तेव्हापासून नाव पडलं. इंदू यज्ञेश्वरची बायको. जाऊन चार वर्षं झाली होती.

आणि कोतवालाच्या पोटात होती इंदूच. शाळेत शिकवून घरी आली की ती संग्रहातली यात्रेकरूंची मोडी पत्रं मोठ्यानं वाचायची आणि यज्ञेश्वर तिचं वाचन रेकॉर्ड करायचा. आठ वर्षं हे चाललं. ती गेल्यावर त्यानं त्यातली एकही फाइल उघडली नव्हती. हिंमतच होत नव्हती. आवाज तिथे आहे एवढं माहीत असलं की त्याला पुरत असे. तीस वर्षं रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागात तो लोकांना "दुसरी प्रत ठेवा, दुसरी प्रत ठेवा" म्हणून सतावत आला, आणि त्याची स्वतःची दुसरी प्रत उन्हाळ्यात बिघडली ती बिघडलीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. म्हणून तर पुण्याहून निघताना कालिंदीनं, त्याच्या लेकीनं, नवी डिस्क बळेच बॅगेत कोंबली होती. "बाबा, आईचा आवाज एकाच जागी ठेवू नका."

बनारसात यंत्र बिघडलं की आधी वीज बघायची, मग माकडं. वीज होती. तार कुणी कुरतडली नव्हती. पंखे गरजत होते. पडद्यावर मात्र दोनच ओळी: सुरू व्हायला डिस्क सापडत नाही, सापडलेल्या डिस्का ओळखीच्या नाहीत. खाली प्रश्न होता, नवी मांडणी करू का, हो की नाही.

यज्ञेश्वर गर्रकन वळला. "दादा, तुम्ही काही दाबलंत?"

"छे रे! काही कळलं नाही, म्हणून मी फक्त हात जोडले."

"विश्वेश्वराची कृपा," यज्ञेश्वर म्हणाला आणि भिंतीला टेकला. 'हो' दाबलं असतं तर कोतवालानं सगळं पुसून नवा संसार मांडला असता.

त्यानं यंत्र बंद केलं आणि पहिली डिस्क ओढून काढली. हात लालपिवळा झाला. हळदकुंकू! डिस्कच्या चौकटीवर, कडेला, अगदी मागच्या सोनेरी पट्ट्यांपर्यंत. वर झेंडूची एक पाकळी.

"दादा!"

"खंडेनवमी नव्हती का?" दादा निरागसपणे म्हणाले. "तू इथे नाहीस, तर कोतवालाची पूजा कोण करणार? पोथ्यांची केली, कात्रीची केली, याची पण केली. चारही पेट्या काढून पाटावर मांडल्या. पूरे विधि-विधान से!"

"अहो, पण पूजा म्हणजे पुढच्या झाकणाला एक बोट कुंकू! डिस्का कशाला काढल्या?"

"इंदू काढायची की."

यज्ञेश्वरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी?"

"दरवर्षी. खंडेनवमीला तू यंत्र बंद करून पंचगंगा घाटावर जायचास ना, तेव्हा. चारही काढायची, कुंकू लावायची, लगेच पुसून परत बसवायची. मला म्हणायची, यांना सांगू नका, ओरडतील." दादांनी झेंडूची पाकळी उचलून कपाळाला लावली. "मी पुसलं नाही एवढंच. पूजेचं कुंकू पुसायचं कशाला?"

यज्ञेश्वर ओरडला असता, यात शंकाच नव्हती. पहिल्याच वर्षी तो तिच्यावर खेकसला होता, की कुंकू आत गेलं तर यंत्र मरेल. ती हसून "बरं" म्हणाली होती. ते 'बरं' त्यानं कायमचं धरलं होतं, आणि बाईनं पुढची सात वर्षं त्याच्या पाठीमागे आपलंच खरं केलं होतं.

पण आता हसायला सवड नव्हती. चारही डिस्का त्यानं पाटावर ठेवल्या आणि ब्रशनं पट्ट्यांमधलं कुंकू काढायला बसला.

"एवढं झालं की सुरू होईल ना?" दादांनी विचारलं.

"नाही. प्रत्येक फाइलचे तुकडे या चौघींत वाटलेत. कोण पहिली, कोण दुसरी, हा क्रम जमला तरच जुळतात. ते तुकडे जोडणारं आतलं जुनं कार्ड फार हट्टी आहे. चुकीच्या क्रमानं काही करून बसलं, तर इंदूचा आवाज गेला म्हणून समजा. तुम्ही कशा बसवल्यात?"

दादांचा चेहरा उतरला. "एकसारख्याच तर दिसतात रे. हाताला येतील तशा." मग हळूच म्हणाले, "मला माफ कर बाबा. माझ्या हातून पोरीचा आवाज..."

यज्ञेश्वर पट्ट्या झाडत राहिला. राग येत होता, पण धोतराच्या सोग्यानं डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्यावर रागवायचं कसं? आणि खरं तर राग स्वतःचाच होता. क्रम त्यानं कुठेही लिहून ठेवला नव्हता. डिस्का बाहेर निघणारच नाहीत, तर लिहायचं कशाला, असं त्याला वाटलं होतं.

तो एकेक चौकट ओल्या फडक्यानं पुसू लागला. पहिलीच्या कडेचं कुंकू निघालं, पण एक ठिपका निघेना. नखानं खरवडला तरी निघेना. गडद डाळिंबी रंगाचा, चकचकीत. त्यानं घाईघाईनं दुसरी पुसली. तिच्यावर तीन ठिपके होते. पुढचीवर दोन. शेवटचीवर चार, अगदी नेटके, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

रंग त्याच्या ओळखीचा होता. कालिंदीच्या लग्नात तिनं आईच्या नखांना बळेच लावलेला. "या वयात कसली थेरं," म्हणून इंदूनं ती बाटली फडताळात टाकली होती. टाकली कुठली! लपूनछपून पूजा करायची, तर नवऱ्याचं यंत्र बिघडू नये याची पुरती काळजी घेऊन.

"दादा, नंबर घातलेत हो तिनं," यज्ञेश्वर म्हणाला.

एक, दोन, तीन, चार. चारही डिस्का त्यानं ठिपक्यांप्रमाणे बसवल्या. बटण दाबलं. पंखे गरजले. पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. दादा तोंडातल्या तोंडात भैरवाष्टक म्हणू लागले. मग पडद्यावर एक ओळ आली: चारही डिस्का ओळखल्या. मागोमाग ओळींची रांगच लागली, आणि कोतवाल उठला.

यज्ञेश्वरनं आधी बॅग उघडली, कालिंदीची नवी डिस्क जोडली आणि प्रत करायला लावली. ते होईपर्यंत तो दादांकडे बघून हसलाही नाही. प्रत पूर्ण व्हायला दुपार झाली. दादा कचोरी घेऊन आले, दोघांनी तिथेच खाल्ली.

"एक लाव ना," दादा म्हणाले. "कुठलीही."

चार वर्षं जे टाळलं ते आता टाळता येईना. यज्ञेश्वरनं यादीतल्या एका फाइलवर बोट ठेवलं. इंदू वाचत होती. कुणा साताऱ्याच्या बाईनं काशीहून घरी धाडलेलं पत्र होतं. गंगा पाहिली, सगळ्यांच्या नावानं बुडी मारली, लेकराला जपा. वाचून झालं. कागद ठेवल्याचा आवाज झाला. यज्ञेश्वर बंद करायला गेला, तेवढ्यात इंदू पुन्हा बोलली, या वेळी पत्रातलं नव्हे.

"चला, बंद करा ते आता. उद्या खंडेनवमी. तुम्ही आपले सकाळी खुशाल घाटावर जा. इथलं माझं मी बघते."

"बरं," यज्ञेश्वर मोठ्यानं म्हणाला.