पंखाच्या सहा फासळ्या

सुई पलीकडून परत आली, की हेझल मॉल्टबीच्या काळजात बारीकशी कळ उठायची. वीतभर लांब सुई, पण यायची ती अशी नेमकी की हिनं नुसती चिमटीत धरावी. केसभरही इकडे नाही, तिकडे नाही. पलीकडच्या बाईची खोट काढायला दोन महिन्यांत एकदा म्हणून जागा सापडली नव्हती.

कामाची रीतच तशी. विमानाचा पंख तिवयांवर कडेच्या आधारानं उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस बसवायचं. एकानं मेण लावलेला दोरा ओवून सुई पंखातल्या लाकडी फासळीच्या अंगानं आरपार ढकलायची, दुसऱ्यानं ती फासळीच्या दुसऱ्या बाजूनं परत धाडायची, की पहिल्यानं गाठ मारायची. मध्ये रोगण पिऊन ताठ झालेलं लिनन. तोंड दिसत नाही, नुसती सावली हलते आणि बोलणं ऐकू येतं. गाठीची बाजू मानाची, परत धाडायची बाजू हाताखालची. बावीस वर्षं मानाच्या बाजूला हेझलच बसत आली होती.

विमान म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या टेहळणीच्या दुपंखी विमानाची हुबेहूब नक्कल. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सिनेमासाठी बांधलेलं. पुढं ते एका गोदामात पडलं आणि उंदरांनी त्यात संसार थाटले. लिंकनशरच्या टेकड्यांमधल्या त्या गवताळ धावपट्टीवरच्या अकरा म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी पाच वर्षं खपून त्याचं लाकूड बदललं, इंजिन बोलतं केलं. आता कापड शिवून झालं, तपासनिसाची सही पडली, की ते उडणार होतं.

आणि त्या मंडळींचा एक रिवाज होता. पहिली फेरी वैमानिक एकटा मारायचा, पुढच्या जागेवर वाळूची पोती बांधून. दुसऱ्या फेरीला पोती उतरवून तिथं शिवणारणीला बसवायचं. "जिनं कापड शिवलं तिनं त्याच्यावर बसून दाखवावं," असं मंडळाचा प्रमुख क्लिफ लेमिंग म्हणायचा. हेझल अशी चार विमानांतून गेली होती. पण ह्या विमानाच्या त्या पुढच्या जागेवर तिचा जीव जडला होता. पाच वर्षं रोज सकाळी आल्या आल्या ती तिथली धूळ पुसायची, अगदी देवाचा ओटा पुसावा तशी.

आणि आता शिवणारणी झाल्या दोन.

रोझमंड हार्ग्रीव्ह ही निवृत्त शल्यचिकित्सक. गेल्या वर्षी गावात आली काय, चॅपलमधल्या सुगीच्या प्रार्थनेत एकटीनं गायचं कडवं घेऊन बसली काय! ते कडवं अठरा वर्षं हेझलचं होतं. आवाज बरा होता मेलीचा. तेच तर दुखणं होतं.

"रोझमंड, ही गाठ अशी," म्हणून हेझलनं पहिल्या दिवशी एकदा, फक्त एकदाच, झरकन हात फिरवून दाखवली होती. "समजलं ना? नाहीतरी तुला परतच धाडायचीय सुई."

"समजलं," रोझमंड म्हणाली होती. हेझलनं दुसऱ्यांदा दाखवली नाही. मुद्दामच दाखवली नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं.

मार्चमध्ये हेझल फ्लूनं आठवडाभर अंथरुणाला खिळली. परतली तर डाव्या खालच्या पंखाच्या सहा फासळ्या शिवून तयार! गाठीच्या बाजूला रोझमंड बसली होती आणि पलीकडे खुद्द क्लिफ.

"पोरी, बघ तरी!" ऐंशीचा क्लिफ सहासष्ट वर्षांच्या हेझलला पोरीच म्हणायचा. "जशी काय छापलीय रांग. तुझी शिवण चांगलीच गं, पण ही म्हणजे..."

"ही म्हणजे काय?"

"काही नाही. चहा घेतेस?"

"त्यात रोगण घालून दे," हेझल म्हणाली आणि पंखापाशी गेली. टाके खरोखर छापल्यासारखे होते. सरळ, समान, सुबक. चष्मा पुसून ती जवळ वाकली. गाठ चुकली होती.

रोझमंडच्या बोटांनी तिला न विचारता आपली जन्माची सवय पुढं केली होती. दवाखान्यातली गाठ ती. मऊ मांसात पक्की बसते. मेणाच्या दोऱ्याला ती कामाची नाही. इंजिनाच्या थरथरीनं हळूहळू सरकत जाते. आणि शिवण सुटली की हवेत कापड फुग्यासारखं वर उचललं जातं. हे हेझलला ठाऊक होतं, आणि त्या अख्ख्या मंडळात फक्त हेझललाच ठाऊक होतं.

लाज वाटायला हवी होती, पण तिला गोड वाटलं. येतील नऊ दिवसांनी तपासनीस ओलरेनशॉ, ठेवतील गाठीवर अंगठा, विचारतील सगळ्यांदेखत, "हे काय आहे बाई?" तेव्हा उतरेल तोरा. ती गप्प बसली. नऊ दिवस सुई गेली, सुई आली. पलीकडून रोझमंडनं विचारलंही, "हेझल, माझ्या त्या सहा बऱ्या झाल्यात ना?"

"क्लिफ म्हणतो, छापल्यात."

"क्लिफ काय, त्याला दाराची कडीही छापलेली दिसते. तू सांग."

"दोरा ओढ," हेझल म्हणाली.

मधल्या रविवारी चॅपलमध्ये पाहुणे उपदेशक होते, जुन्या वळणाचे. बोलता बोलता त्यांचा सूर लागायचा आणि मग ते बोलत नसत, गातच असत. अंगाला अंग कशानं जोडलेलं असतं, कातडीआडचे सांधे कुणाला दिसतात, असं काहीसं ते आळवत होते. सगळं चॅपल डुलत होतं. एरवी अशा वेळी हेझलचे डोळे भरून यायचे. त्या दिवशी ती छताच्या तुळया मोजत बसली. शेजारी रोझमंडनं रुमाल काढला, तर हिला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.

ओलरेनशॉ आले तो दिवस लख्ख उन्हाचा. त्यांनी उजवे दोन्ही पंख पाहिले, टाके दाबले, वरचा डावा पाहिला. खालच्या डाव्यापाशी आले. आता विचारतील, आता.

"हेही हेझलचंच?" ओलरेनशॉंनी विचारलं.

क्लिफनं चांगुलपणानं घोळ केला. "तिच्याच नजरेखालचं."

"मग त्यात काय पाहायचं! बावीस वर्षांत हिची एक गाठ सरकलेली नाही." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

हे तिनं धरलंच नव्हतं. तिच्याच नावावर ती सरकती गाठ पास होत होती. उद्या टाक्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटणार आणि मग कुणाच्या बापाला दिसणार नव्हती. पेन कागदाला टेकलं. अजूनही गप्प बसलं तर? पुढच्या जागेवर कोण, हे काही आज ठरत नव्हतं. पण पोत्यांमागं बसून पहिली फेरी मारणारा वैमानिक डंकन होता. तो तिथंच दाराशी उभा राहून बिस्किट खात होता, तुकडे मिशीत अडकलेले.

"सही करू नका," हेझल म्हणाली. "त्या सहा फासळ्यांची गाठ खोटी आहे. सरकेल."

पेन कागदावरून उचललं गेलं.

"केव्हा कळलं?" ओलरेनशॉंनी विचारलं.

"नऊ दिवस झाले."

क्लिफनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. रोझमंड पुढं आली, गाठीवर वाकली, नखानं दोरा रेटला. गाठ सरकली. रोझमंड लालबुंद झाली. मग सरळ उभी राहून हेझलकडे बघत म्हणाली, "माझ्या शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी असं बघून गप्प बसणारीला मी त्याच क्षणी बाहेर काढलं असतं."

"बरोबर केलं असतंस."

"आणि ज्या बाईनं गाठ एकदाच दाखवली, तिला काय करायचं?"

"तिला गाठ पुन्हा दाखवायला लावायची," हेझल म्हणाली.

ओलरेनशॉंनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या शुक्रवारी येतो. आणि सगळ्या फासळ्या बघतो, हेझल. तुझ्याही."

ते हेझलला फार लागलं.

सहाही फासळ्यांचे टाके कापून काढले. ह्या खेपेला हेझलनं रोझमंडला गाठीच्या बाजूला बसवलं, स्वतः तिच्या खांद्याशी उभी राहिली आणि गाठ दाखवली. हळू. सात वेळा. मग वळसा घालून हाताखालच्या बाजूला जाऊन बसली. सुई आली. तिनं परत धाडली. रोझमंडची पहिली गाठ वाकडी बसली, आणि हेझलला मनातून बरं वाटलंच. माणूस एका दिवसात सुधारत नाही.

शुक्रवारी सही झाली. शनिवारी डंकननं पोत्यांसकट पहिली फेरी मारली आणि हसत खाली आला. पोती उतरवताना क्लिफनं दोघींकडे पाहिलं. "बोला, कोण?"

"ती," हेझल म्हणाली. "मी नऊ दिवसांचं फेडतेय. मला कुणी चांगली म्हणू नका."

"म्हणतंय कोण!" रोझमंड म्हणाली आणि शिडी चढली.

विमान गवतावरून उचललं गेलं. मलईच्या रंगाच्या लिननमधून ऊन पार झालं आणि फासळ्या हाताच्या बोटांसारख्या उजळल्या. हेझल मान मोडेस्तोवर वर बघत होती. ती बया वर बसलीय, मी खाली! वाऱ्यानं नाक लाल झालं असेल तिचं, होऊ दे. पण नजर काही त्या बाईवर ठरेना, ती सारखी खालच्या डाव्या पंखाकडे जाई. एक, दोन, तीन... सहा. कापड ताठ होतं. पुन्हा पहिल्यापासून.

विमान उतरलं. रोझमंड शिडीवरून खाली आली.

"दिसलं का चॅपल वरून?" क्लिफनं विचारलं. "नदी दिसली?"

"काही नाही बघितलं," रोझमंड म्हणाली. "पूर्ण वेळ त्या सहा फासळ्या मोजत बसले होते."

हेझलला ह्याचाही हेवा वाटला. मोजायच्याच होत्या तर हिनं तरी जवळून मोजल्या.

"उडायची टोपी आण इकडे," ती रोझमंडला म्हणाली आणि शिडीवर पाय टाकला. "नदी कुणीतरी बघायला हवी."