खिशावरचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे. पनवेलच्या मॉलमध्ये टांगलेला होतो तेव्हा मात्र मला नुसते 'शर्ट' म्हटलेले खपत नसे. आकाशी रंग, खिशावर सोनेरी दोऱ्याचा मुकुट आणि किंमत साडेतीन हजार! समोरच्या तीनशेवाल्या शर्टांकडे मी ढुंकूनही पाहत नव्हतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला तेव्हा कोण सांगणार?

पेणजवळच्या एका गावातल्या निकेतने मला धाकट्या बहिणीच्या, मृणालीच्या लग्नासाठी घेतले. निकेत ट्रेलर चालवतो. त्याची काकी ठमाबाई गावात शिलाई करते. लग्नाचा शर्ट मीच शिवीन, असे तिने सांगून ठेवले होते. मला पाहून ती रागावली नाही. तिने मला सरळ उलटे केले आणि बगलेची शिवण दोन अंगठ्यांत धरून ताणली. टाक्यांमधून उजेड दिसला. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. ती माझ्यात करंगळीच्या नखाएवढीही नव्हती.

"पोरा, यो दिसायला झ्याक हाय, पन शिवलाच न्हाय," ती म्हणाली.

"काकी, साडेतीन हजाराचा हाय!" निकेत हसला. मीही मनातल्या मनात हसलो.

लग्नाच्या दिवशी बँजो वाजू लागला आणि वऱ्हाडाने निकेतला नाचायला ओढले. त्याने दोन्ही हात वर केले मात्र, मी बगलेपासून टर्रकन फाटलो. सगळे वऱ्हाड बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

थोड्या वेळाने भटजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाक मारली. नवरदेवाचा कान पिळून 'माझ्या बहिणीला नीट सांभाळ' असे बजावण्याचा मान भावाचाच. पण निकेत मांडवामागे दडून बसला होता. "दुसऱ्या कोनाला पाठवा. मी न्हाय येत," तो म्हणाला. तिकडून मृणालीचा निरोप आला, "माजा दादा आल्याबिगर मी पुढं काय करनार न्हाय!"

ठमाबाई सुईदोरा घेऊन धावली. पण शिवणार कुठे? मायाच नसल्याने कडेचे धागे सुटून आले होते. तिने कात्री घेतली आणि माझा खिसा मुकुटासकट उसवला.

"काकी, त्योच तर ब्रँड हाय!"

"मृणालीला ब्रँड पायजे का तू?"

तिने तो खिसा ठिगळ म्हणून बगलेत लावला, टाक्याला टाका भिडवून. खिशाच्या जागी गुलाबाचे फूल टाचले. माझा मुकुट गेला घामाच्या जागी! पण निकेत ताठ मानेने मांडवात गेला आणि त्याने कान असा पिळला की नवरदेव ओरडलाच. मी तसूभरही उसवलो नाही.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. ठमाबाईने पुढे माझ्या बाकीच्या शिवणीही पक्क्या केल्या. मी आजही ट्रेलरवर जातो. निकेत आता दुकानात प्रत्येक कपडा आधी उलटा करतो. दुकानदार तोंड वाकडे करतात, तरी तो सोडत नाही. कधी तीनशेचा कपडा पक्का निघतो, कधी तीन हजारांचाही. तुम्हीही लाजू नका. शिवण ताणा, माया बघा आणि मगच किंमत विचारा. माझ्यावर साडेतीन हजार छापलेले होते. भावाला बहिणीसमोर उभे करणाऱ्या त्या शिलाईवर, मित्रांनो, काहीच छापलेले नव्हते.