रस्सीच्या पोटातली रस्सी

आता सांगतो ते कुणाला पटणार नाही, तेव्हा पटवून घ्यायच्या भानगडीत पडू नका. सावित्री नदीतली एक सबंध मगर मी केवणीच्या सालीच्या दोराने बांधून दासगावच्या काठावर ओढून आणली होती. वाटेत ती एकदाही हलली नाही, कारण गाठ माझी होती. काठावर आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग मलाच वाईट वाटलं, सोडली तिला. सोडायला अर्धा दिवस लागला.

हे मी महिपतला सांगत होतो. महिपत महाडचा, जुन्या गाड्या घेणारा. आमच्या मंगेशची चार चाकांची बाईक बघायला तो उमरठपर्यंत मोटारीने आला आणि पुढचा डोंगर चालत चढला. ओटीवर बसून, घाम पुसत, चहाबरोबर माझी मगर गिळत होता.

"मगर केवढी होती, तात्या?"

"मोजायला उभी राहिली नाय ती."

महिपत हसला. आत भांडी विसळणारी स्नेहल, मंगेशची बायको, तीही किंचित हसली असावी, कारण भांड्यांचा आवाज थांबला. मंगेश मात्र पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. मंगेश माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दोन महिने झाले, "जेवलात का" यापलीकडे तो माझ्याशी बोललेला नाही. आज बाईक महिपतला दिली की उद्या तो आणि स्नेहल भांडुपला जाणार होते, मेव्हण्याच्या खोलीवर. कायमचे.

आमची वाडी ओहोळाच्या पलीकडे, वर. जीप येत नाही. आजारी माणूस डोलीतून न्यायचा तर चार खांदे लागतात, आणि सगळे खांदे मुंबईत. मंगेश आधी एका रिसॉर्टवर पाहुण्यांना अशा गाड्यांवर फिरवायचा. ते बंद पडलं तेव्हा एक बाईक तो इथे घेऊन आला. चिखलात रुतली की पुढच्या विंचची रस्सी सोडायची, आकडा एखाद्या ऐनाच्या झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं, की गाडी स्वतःलाच ओढून वर घ्यायची. चंद्रभागेचा मोडलेला पाय, महादूचा साप, सगळे या बाईकवरून उतरले आणि जिवंत परत आले.

माझी प्रयाग आली नाही.

पण मी महिपतसमोर खोटं बोलायचं ठरवलं ते वाडीसाठी नाही. गेली ती माझी बायको, आणि तोंड मेलं या मंगेशचं. ते मला रोज बघावं लागत होतं.

"रस्सी आहे ना सोबत?" महिपतने विचारलं.

मंगेश उठला. पडवीत, सावलीत, खुंटीला रस्सी टांगलेली होती. राखाडी, करंगळीएवढी. दोन तुकडे. प्रयाग गेली त्या दिवसापासून बाईक जागची हलली नाही, तरी हा पूर्वीसारखीच रोज रस्सी धुतो. ओहोळावर नेतो, पीळ मोकळे करून आतली रेती साध्या पाण्याने काढतो, उन्हात टाकत नाही, चुलीजवळ नेत नाही. मग डोळे मिटून सबंध रस्सीवरून बोटं फिरवतो. लव आली असली तर चालते, पण एखादी लड तुटली असली तर बोटाला कळते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "अरे, बाळंतिणीचे एवढे लाड करत नाय कुणी." तेव्हा तो हसायचा. म्हणायचा, "तात्या, हिला वाळूचा एक कण आतून कापतो."

"ही तुटलेय," महिपत म्हणाला.

"तुटली नाय," मंगेश म्हणाला. "सुटली."

एवढंच बोलून तो परत पायरीवर जाऊन बसला. मला वाटलं, आता.

"महिपतराव, ती का सुटली ते मी सांगतो."

"तात्या, आज नको," स्नेहल आतून म्हणाली.

"आजच. उद्या तुम्ही नसणार, मग सांगू कुणाला, कोंबड्यांना?"

आणि मी सांगायला सुरुवात केली. खरं होतं ते आधी सांगितलं. आषाढ संपत आला होता. प्रयागला नेलं त्याच्या चार दिवस आधी रस्सी मधोमध दगडावर घासली होती. मंगेशने तेवढा भाग कापून टाकला आणि दोन टोकं जोडली. ही रस्सी आतून पोकळ असते, वेणीसारखी विणलेली. जोडताना गाठ मारायची नसते. एका तुकड्याचं टोक लडी कमी करत निमुळतं करायचं, आणि ते दुसऱ्याच्या पोटात हातभर आत सारायचं, आणि दुसऱ्याचं याच्या पोटात. मग जेवढं ओढाल तेवढं वरचं विणकाम आतल्याला आवळतं. त्याने मला मागे एकदा करून दाखवलं होतं, तासभर लागला होता.

"आता बघा," मी म्हणालो, "मी सत्तर वर्षं केवणीची साल भिजवून, मांडीवर वळून दोर केलेले. आमच्या दोराची गाठ भिजली की दगड होते. गाठीवाचूनचा जोड मला कसा पटेल? सापाने साप गिळल्यासारखा दिसायचा तो. प्रयागच्या छातीत कळ आली त्या सकाळी मंगेश तिला गोधडीत गुंडाळत होता. तेवढ्यात मी बाहेर येऊन त्याचा जोड उसवला आणि माझी गाठ मारली. वरून करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, चोळलं, दोराला चोळतो तसं."

महिपतने कप खाली ठेवला.

"ही रस्सी बुळबुळीत. तीत गाठ टिकत नाय, हे मला काय ठाऊक. ओहोळ ओलांडला, पलीकडच्या चढावर आकडा अडकवला, बाईक निम्मी वर आली आणि गाठ सरकली. बाईक मागे घसरून दोन दगडांच्या मधे बसली. प्रयाग पडली नाय. तिला खरचटलंसुद्धा नाय. नुसती बसून राहिली, पाण्यात पाय सोडून. मला म्हणाली, तुमची मगर आली बघा."

हे ती खरंच म्हणाली होती. हा एक शब्द मी घातलेला नाही.

"खालच्या गावातनं माणसं जमवून डोली येईपर्यंत तीन तास गेले. पोलादपूर दिसायला लागलं, तिथे ती गेली."

 स्नेहल दारात येऊन उभी होती, हातात ओलं पातेलं. मला बरं वाटत होतं, म्हणजे जड काहीतरी एका खांद्यावरून दुसऱ्यावर आल्यासारखं. माझा खांदा म्हातारा आहे, आणखी किती दिवस वाहायचंय. मंगेशने मला शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, पण त्या पायरीवरून उठावं.

"तेव्हा महिपतराव," मी म्हणालो, "पोराच्या हातात खोट नाय. त्याचा जोड चांगला होता. मी उसवला नसता तर आज ती इथे बसून तुम्हाला दुसरा चहा द्यायची. असल्या हाताचा माणूस गाडी विकतो, हे काय बरोबर नाय. तुम्ही सांगा त्याला."

महिपत बिचारा मंगेशकडे बघत राहिला. मंगेश हळूच वळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. मी तयार होतो. शिवी आली तर मान खाली घालायची, एवढं ठरवलं होतं.

"करंजेल?" तो म्हणाला.

"हो रे. वाटीभर."

"तात्या, मी जोड घातलाच नव्हता. कंटाळा केला. तुमची ती केवणीची गाठ मारली, ओढून बघितली, आणि सगळ्यांना सांगितलं, जोडली. काकीलासुद्धा तेच सांगितलं, बस बिनधास्त म्हणून."

स्नेहलच्या हातातल्या पातेल्याचं पाणी उंबऱ्यावर टपटपत होतं.

"मी घातलाच नव्हता," तो परत म्हणाला. "मग तुम्ही उसवलात काय?"