घड्याळजींचं जाकीट

घड्याळजी इतके काटेकोर, की गल्लीतली घड्याळं बाराचे ठोके देण्याआधी म्हणे त्यांच्याकडे चोरून बघून घ्यायची. घड्याळदुरुस्तीचं दुकान कायमचं बंद केल्यावर या माणसाने मनावर घेतलं, बायकोसाठी जाकीट शिवायचं! बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, रविवारी परतायची होती. कापड तिचंच होतं. निळं, लोकरी, सहा वर्षं पेटीत जपलेलं. तसलं कापड विणणारी गिरणी बंद पडली होती. बिघडलं, तर दुसरं मिळणार नव्हतं.

शिकवायला शेजारच्या घरातून थोरल्या वहिनी आल्या. त्यांचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेला होता.

"भाऊजी, ही कापडाची किनार. किनारीला धरून जातो तो उभा धागा. कापड त्यावर बेतायचं, नाहीतर जाकीट अंगावर वेडंवाकडं लोंबतं."

"आणि कच्ची टीप?"

"हातानं घातलेले लांब टाके. अंगाला लावून बघायचं, मग मशीनची पक्की टीप. कच्ची म्हणजे 'बघू', पक्की म्हणजे 'झालं'!"

जुन्या जाकिटावरून मापं घेऊन त्यांनी खडूच्या रेघा आखून दिल्या. तेवढ्यात त्यांच्या दारी गिऱ्हाईक आलं. जाता जाता त्या ओरडल्या, "कापताना माया ठेवा हं! हात आखडू नका!"

हे काय सांगायला हवं? घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. बायकोचा एकेक गुण आठवायचा आणि एकदा कात्री चालवायची. गुण संपेनात, म्हणून दोन तास लागले. पण काय कापलं! रेघ मधोमध चिरली, अर्धा खडू इकडे, अर्धा तिकडे.

वहिनी परतल्या आणि दारातच थबकल्या. "माया कुठंय?"

"काठोकाठ आहे, वहिनी. कापडालाच विचारा."

"अहो, माया म्हणजे शिवणीसाठी रेघेबाहेर सोडायचं जास्तीचं कापड! शिवण ते आत खाते. आता हे जाकीट जाऊबाईंना नाही, तुमच्या गजराच्या घड्याळाला बसेल!"

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग उतरवलं. "आता तिला तोंड कसं दाखवू?"

"तोंड राहू द्या. एखादं जाडसर कापड दाखवा. दोन्ही बाजूंना बगलेपासून खालपर्यंत पट्टी घालू."

घड्याळजींनी खुंटीवरचा आपला दुकानातला करडा कोट काढला, क्षणभर हातात धरला आणि कापायला घेतला. या खेपेला माया सोडली ती चार बोटं.

"पुरे, भाऊजी! जाकीट शिवतोय, तंबू नाही!"

रविवारी बायकोने जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. करड्या पट्टीवर तिचं बोट थांबलं. "हा तुमचा कोट ना?"

"चूक झाली गं. माया ठेवायची राहिली."

"इतक्या वर्षांनी कबूल केलंत म्हणायचं!"

तिने जाकीट अंगात घातलं, बटणं लावली, हात वर केले, खाली केले. घड्याळजींचा श्वास तेवढा वेळ बंद होता.

"वहिनींना दाखवून येते," ती म्हणाली.

वहिनींचं घर भिंतीला भिंत लागून. पण बाई निघाली ती बाजारातून, भर उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि पोचायला तिला दीड तास लागला.