पंजाबरावांचा बुधवार

देऊळघाटच्या पंजाबरावांच्या दुधीचा वेल एका साली वाढत वाढत थेट मलकापूरच्या रेल्वेफाटकापर्यंत गेला होता आणि गार्डानं गाडी थांबवून आधी वेलाला वाट दिली होती. हे खोटं असतं तर एव्हाना गार्डानंच तक्रार केली असती.

असा माणूस चिंचेवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून सरकारी योजनेतून सेविका संजीवनी आठवड्यातून तीनदा घरी यायची. आंघोळ घालायची, पाय मुडपून सरळ करायची, आणि शेवटी चाकाच्या खुर्चीत बसवून मळ्याच्या बांधापर्यंत न्यायची. त्या ढेकळांतून खुर्ची ढकलणं त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. पंजाबराव डोळे लावून बसायचे ते त्या बांधासाठी.

यंदा योजनेतली नावं वाढली आणि पैसा पुरेना. खरी गरज कोणाला, हे पाहायला साहेब घरोघर फिरणार होते.

"आबाजी, जसं हाय तसं दाखवजा," संजीवनीनं बजावलं. "गप्पा हाणू नका."

"मी कधी हाणल्या व?"

पण साहेब येणार म्हणजे घरी पाहुणा येणार. झुंबरबाईंनी नवऱ्याची दाढी करवली, कोरी चादर घातली, फेटा बांधला, पाठीशी उशा रचल्या. साहेबांनी विचारलं, "कसं चाललंय बाबा?" आता पाहुण्यापुढं रडगाणं गायचं, ही काय रीत झाली?

"मजेत," पंजाबराव म्हणाले. "काल्हच मळ्यात चक्कर मारून आलो. रानडुक्कर घुसलं होतं, शेपटीले धरून बाहेर नेऊन सोडलं."

साहेब डुकराला हसले. चकरेवर मात्र त्यांनी विश्वास ठेवला.

पुढल्या आठवड्यात संजीवनीच्या स्कूटीचा आवाज आला आणि दारावरून पुढं निघून गेला.

मळा भिंतीपलीकडंच. वारा फिरला की ओल्या मातीचा वास खाटेपर्यंत यायचा.

"वेलाले फुलं आली काय?"

"आली," झुंबरबाई म्हणायच्या.

"किती?"

"लय."

पंजाबरावांचं समाधान होईना. त्या घरात फुगवून सांगायचा हक्क त्यांचा एकट्याचा होता.

एका संध्याकाळी संजीवनी दारात थांबली. "तुमचे वार बनाबाईले देले, आबाजी. एकटीच पडून राह्यते. पाणी पाजाले कोणी नाही तिले."

"मंग साहेबाले सांग, मी फेकली म्हणून."

"सांगीन. पण पैसा तेवढाच हाय. तुमचं नाव जोडलं का तिचं कटते."

पंजाबरावांनी भिंतीपलीकडच्या मळ्याकडं बोट केलं. "अंग धुवाले झुंबर हाय. मले एकच वार दे, बांधाचा. बाकीचे तिचेच राहू दे."

"साहेबाले पटंन?"

"म्हण, बुढा आता खरं बोलून राह्यला. फक्त डुक्कर तेवढं खरंच होतं."

साहेब पुन्हा आले तेव्हा ना फेटा होता, ना कोरी चादर. झुंबरबाईंनी नवऱ्याला कुशीवर वळवून पडून पडून पाठीला झालेल्या जखमा दाखवल्या. बुधवार मिळाला.

आता इतर दिवशी स्कूटी बनाबाईकडं जाताना वाजली की पंजाबराव मान उचलतात.

"आज कोणता वार व?"

"सोमवार."

मान परत उशीवर टेकते. भिंतीपलीकडं वेल वाढत असतो. बुधवारपर्यंत तो किती वाढेल असं कोणी विचारलं, तर पंजाबराव दोन बोटं दाखवतात, आणि वरून म्हणतात, "तेवढाही नाही वाढायचा. मी येईपर्यंत थांबते तो."